कारमधून गॅस सिलिंडर नेण्याबाबत सूचना

कार्यशाळेच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ऑक्सिजन, ॲसिटिलीन, आरगॉन किंवा कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणण्यासाठी बंद कारचा वापर शक्यतो टाळावा. थोडा उशीर झाला तरी पुरवठादाराच्या उघड्या वाहनातून ते मागवणे केव्हाही श्रेयस्कर.

सर्वांत मोठा धोका ॲसिटिलीनचा आहे. हवेत त्याचे प्रमाण अवघे 2.5 टक्के झाले तरी ते पेट घेऊ शकते, आणि व्हॉल्व्हमधून होणारी किंचितशी गळती रात्रभर बंद कारमध्ये साठत राहिली, तर सकाळी रिमोटने दार उघडताना कुलपाच्या यंत्रणेत उडणारी ठिणगीही स्फोटाला पुरेशी ठरते. शिवाय हा सिलिंडर आडवा ठेवल्यास आतील ॲसिटोन (ज्या द्रवात हा वायू विरघळवून साठवलेला असतो तो) व्हॉल्व्हकडे येते, म्हणून तो उभाच न्यावा लागतो. मोठा सिलिंडर डिकीत उभा मावत नाही, यातच काय ते आले. त्यामुळे ॲसिटिलीन कोणत्याही परिस्थितीत कारमधून आणू नये.

आरगॉन जळत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. रंग-वास नसलेला हा वायू बंद कारमध्ये प्राणवायूची जागा घेतो आणि चालकाला गुंगी येईपर्यंत काही कळतही नाही. ऑक्सिजनची गळती झाल्यास सीटचे कापडही भराभर पेटते.

इतर सिलिंडर नाइलाजाने न्यावाच लागला, तर रेग्युलेटर काढून, व्हॉल्व्ह घट्ट बंद करून आणि त्यावर टोपी बसवून तो पट्ट्यांनी जखडावा, कारण 150 ते 200 बार दाबाच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह धक्क्याने तुटल्यास सिलिंडर क्षेपणास्त्रासारखा सुटतो. काचा उघड्या ठेवाव्यात, धूम्रपान करू नये आणि पोहोचताच सिलिंडर उतरवावा. रिकामा सिलिंडरही भरलेलाच समजावा.