लाईट जाण्याची वेळ कळली, तरच बॅटरी टिकेल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अंबाजोगाई तालुक्यातील आमच्या गावात लाईट दिवसातून किती तास जाते, यापेक्षा ती नेमकी कधी जाईल हे कोणालाच सांगता येत नाही, हा आता अधिक त्रासाचा विषय झाला आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन याहून कितीतरी कडक होते. परंतु त्याचे वेळापत्रक ठरलेले असे, आणि गिरणीवाल्यापासून पाण्याची मोटार लावणाऱ्यापर्यंत सगळे आपापली कामे त्याप्रमाणे बसवून घेत. आज घरोघरी इन्व्हर्टर आले, काही घरांवर सौर पॅनेलही बसले, पण ज्या वेळेच्या हिशेबावर ही यंत्रे लावायची ती वेळच हातातून गेली आहे.

याचा फटका मला स्वतःला बसला. पाच वर्षे टिकेल असे सांगून घेतलेली माझी १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड प्रकारचीच, बॅटरी सव्वादोन वर्षांत बसली. दुकानातील कारागिराने सहाही झाकणे उघडून बॅटरीच्या प्रत्येक घरात (सेलमध्ये) आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरची नळी बुडवली, तेव्हा पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत १२४० च्या आसपास दिसायला हवा तो आकडा चार घरांत ११५० च्या वर येईना. पाणी मात्र बरोबर खुणेपर्यंत होते. ‘ही वापरून गेली नाही, अर्धपोटी राहून गेली,’ असे तो म्हणाला. घरी येऊन हिशेब मांडला, तेव्हा त्याचे म्हणणे पटले.

१२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास वीज मावते. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची असेल तर त्यातील निम्मीच वापरावी, म्हणजे हाती ९०० उरतात, आणि इन्व्हर्टरमधील तूट वजा जाता सातशेच्या आसपास. तीन जुने पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून सुमारे २७० वॅटचा भार होतो, तेव्हा अडीच तासांत हा साठा संपतो. तो भरून काढायला मात्र अडीच तास पुरत नाहीत. अशी बॅटरी साधारणपणे १५ अँपिअरने चार्ज करतात; ऐंशी टक्क्यांपर्यंत ती बऱ्यापैकी लवकर भरते, पण शेवटचा भाग अगदी संथपणे भरतो आणि सगळे मिळून सात-आठ तास सलग लाईट लागते. दोन तास आली, दीड तास गेली, पुन्हा तीन तास आली, अशा रीतीने लाईट येत राहिली तर बॅटरी रोज भरते आणि रोज अपुरी राहते. अपुऱ्या चार्जवर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसून घट्ट होतो, आणि मग कितीही चार्ज केले तरी बॅटरी पूर्वीइतकी वीज धरत नाही. त्यात आमची बॅटरी जिन्याखाली, पत्र्याच्या आडोशाला. मे महिन्यातील बेचाळीस अंशांच्या उन्हात तिथे काय होत असेल हे सांगायला नको.

याहून एक गोष्ट कळायला मला फार उशीर झाला. संध्याकाळी शेजारी दिवे लागलेले असताना माझा इन्व्हर्टर मात्र बॅटरीवरच चाललेला असे. २३० व्होल्टऐवजी १६५-१७० व्होल्ट येत होते, आणि यूपीएस मोडवर (संगणकासाठीच्या सेटिंगवर) ठेवलेला इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खाली आलेली लाईट आलीच नाही असे धरून चालतो. म्हणजे वायरीत वीज असूनही चार्जिंग बंद आणि साठा खर्च. मागील बाजूचे बटन साध्या मोडवर केल्यापासून कमी व्होल्टेजलाही चार्जिंग सुरू राहते. संगणक जोडलेला असेल तर लाईट जाण्याच्या क्षणी तो बंद पडू शकतो, एवढी अडचण सोसावी लागते. पंखे आणि दिव्यांना काही फरक पडत नाही.

लिथियम बॅटरी आणि हायब्रिड (सौर पॅनेल, बॅटरी व बाहेरची लाईट तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर घेतलेल्यांची तऱ्हा वेगळी आहे. या इन्व्हर्टरमध्ये चार्जिंगची वेळ लावून ठेवता येते, आणि मोबाइलवरील चित्रफिती पाहून आमच्या गल्लीतील एका घराने ती मध्यरात्री १ ते पहाटे ५ अशी लावली, कारण जिथे रात्रीची वीज स्वस्त असते तिथे लोक तसे करतात. ऐन महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्री अकराला डीपीवरचा फ्यूज गेला तो सकाळी आठला बसला. नंतरचा दिवस आभाळाचा, पॅनेलवर ऊन नाही, आणि घड्याळाची वेळ टळल्यामुळे लाईट असतानाही इन्व्हर्टर दिवसभर चार्जिंग करीना. संध्याकाळी आरतीच्या वेळी पुन्हा लाईट गेली, तेव्हा बॅटरीत जेमतेम पंधरा टक्के होते. घरात सगळी यंत्रे नवीन, आणि महालक्ष्म्यांपुढे समईचाच काय तो उजेड.

माझ्या मते जिथे लाईटीचा नेम नाही तिथे घड्याळावर चार्जिंग लावूच नये. ते साठ्यावर लावावे. लिथियम बॅटरीत साठ-सत्तर टक्के साठा राखीव धरावा, त्याखाली गेला की दिवस असो वा रात्र, लाईट आली की तिच्यावर चार्जिंग सुरू व्हावे. त्यावरचा भाग सौर विजेने भरावा आणि रोजच्या वापरात खर्चावा. बिलात थोडी भर पडेल, ती पडू द्यावी. अर्धवट चार्जने लिथियमचे बिघडत नाही. उलट उन्हाळ्यात ती सतत शंभर टक्क्यांवर ठेवणेच तिला बाधते. लेड-ॲसिडवाल्यांनी मात्र लाईट सलग राहील अशा एखाद्या दिवशी, महिन्यातून एकदा तरी, घरातील भार काढून बॅटरी पूर्ण भरू द्यावी आणि तीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. आमच्याकडे फिल्टरचे पाणी ओतण्याची खोड फार आहे. पंखे बदलता आले तर तेही बदलावेत. अठ्ठावीस-तीस वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावल्यावर आमच्या घरी तीच अडीच तासांची बॅटरी पाच तासांच्या आसपास चालू लागली. नवी बॅटरी मोठी घेण्यापेक्षा हे स्वस्त पडले.

ज्यांनी अनुदान घेऊन बॅटरीविना छतावर सौर संच बसवला आहे त्यांच्याविषयीही लिहायला हवे, कारण त्यांची समजूत करून देणारा कोणी भेटलेला दिसत नाही. लाईनमन खांबावर काम करत असताना घरातून वीज उलटी जाऊ नये म्हणून लाईट गेली की असा संच आपोआप बंद पडतो. डोक्यावर भर दुपारचे ऊन आणि घरात पंखा बंद, असे झाले तर तो संचाचा बिघाड नव्हे.

परंतु घरातील सेटिंग कितीही नीट लावले तरी बाहेरची वेळ कळल्याशिवाय अर्धेच काम होते. केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत नियोजित बंदची माहिती ग्राहकांना आधी देण्याची, आणि अचानक बिघाड झाल्यास तो कधी दुरुस्त होईल याचा अंदाज एसएमएसने तत्काळ कळवण्याची तरतूद आहे. आम्हाला येणारे संदेश बहुतेक वेळा लाईट येऊन गेल्यावर येतात, आणि त्यात उपविभागाचे नाव असते, फीडरचे, म्हणजे आमच्या भागाला वीज देणाऱ्या लाइनीचे, नसते. दुपारी दोन ते पाच आपल्या फीडरवर काम आहे एवढे सकाळी कळले, तरी माणूस आधी बॅटरी भरून घेईल, टाकीत पाणी चढवून ठेवील आणि जास्तीचा पंखा बंद करील.

आपल्या दैनिकात रोज सोयाबीन आणि तुरीचे बाजारभाव चौकटीत छापून येतात. वीज कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडून दुसऱ्या दिवशीच्या नियोजित बंदची फीडरनिहाय यादी मागवून ती त्याच चौकटीशेजारी द्यावी, अशी माझी आपणास विनंती आहे.

कळावे,
आपला एक वाचक,
ता. अंबाजोगाई, जि. बीड