घाट चढल्यावर पुढेही या

महोदय,

पावसाळा लागला की कल्याण-मुरबाडकडून माळशेज घाटात गाड्यांची रीघ लागते. धबधब्याखाली भिजायचं, कणीस खायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं. पण खरा रस्ता तर घाटमाथ्यानंतर सुरू होतो! पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, चिखलात ओणवून लावणी करणाऱ्या बाया, मढ, डिंगोरे आणि मग कांद्याच्या बाजाराचं ओतूर. श्रावणी सोमवारी तिथे कपर्दिकेश्वराच्या मंदिरात कोरड्या तांदळाच्या पिंडी एकावर एक रचतात, त्या एकदा तरी डोळ्यांनी पाहाव्यात.

गेल्या वर्षी वाटेत एका खाचराच्या बांधाशी थांबलो होतो. लावणी करणाऱ्या मावशींच्या तळपायात काच घुसली होती. रस्त्यावरून कुणीतरी भिरकावलेली बाटली. मावशींनी पदराची चिंधी बांधली आणि पुन्हा चिखलात उतरल्या. मला काय बोलावं सुचेना.

गाड्या थांबवायला ठरावीक जागा हव्यात, तिथे कचरापेट्या हव्यात आणि गावातल्या बायकांना भाकरी-पिठलं विकायला पत्र्याची का होईना शेड हवी. येणाऱ्यांनीही शेतात उतरण्यापूर्वी मालकाला विचारावं, आणि घरी परतताना ओतूरहून गोणीभर कांदा घ्यावा.

– एक वाचक, कल्याण