निळ्या कोटांची शाळा: आजोबांना पत्र

प्रिय आजोबा,

साष्टांग नमस्कार. आजीलाही नमस्कार सांगा आणि हे पत्र तिला अख्खं वाचून दाखवा, कारण परवा फोनवर ती म्हणाली ना की एवढ्याशा लेकराला बोर्डिंगात टाकायचं म्हणजे आईबाप असून पोरकं करायचं, ते माझ्या मनातून जातच नाहीये. व्हिडिओ कॉलवर धड बोलणं होत नाही, म्हणून रात्री बसून टाइप करतेय, दादा प्रिंट काढून देईल.

चिनूला सहावीनंतर ज्या शाळेत घालायचं आमच्या मनात आहे तिचं नाव ख्राइस्ट्स हॉस्पिटल. नावात हॉस्पिटल असलं तरी शाळाच आहे, आमच्या हॉर्शम गावाला लागूनच, आणि एवढी मोठी की तिच्या नावाचं वेगळं रेल्वे स्टेशन आहे. तुम्ही विचारलंत, इंग्रजांच्या बोर्डिंग शाळा म्हणजे लॉर्ड लोकांच्या पोरांसाठी ना, आपलं पोरगं तिथे कुठे बसणार. तशा शाळा आहेतच इथे भरपूर. पण ही शाळा सुरूच झाली रस्त्यावरच्या पोरांसाठी, आणि मला तुम्हाला मुख्य तेच सांगायचंय.

आठव्या हेन्री राजाने इथले मठ बंद केले, जमिनी ताब्यात घेतल्या, आणि मठातून गोरगरिबांना जे अन्न-औषध मिळायचं तेही त्यासोबत गेलं. लंडनमध्ये अनाथ, उपाशी पोरं रस्त्यावर फिरायला लागली. त्याचा मुलगा सहावा एडवर्ड, वय जेमतेम चौदा-पंधरा, त्याच्यासमोर रिडली नावाच्या बिशपने गरिबांबद्दल प्रवचन केलं आणि ते त्या पोराच्या मनाला लागलं. त्याने लंडनच्या मेयरला सांगितलं, शहरातल्या लोकांनी वर्गणी काढली, आणि न्यूगेट स्ट्रीटवरच्या एका बंद पडलेल्या मठाच्या इमारतीत १५५२ च्या नोव्हेंबरात पहिली मुलं आली, ३८० च्या आसपास, त्यात अगदी अंगावर पिणारी बाळंसुद्धा होती, ती दाईंकडे सांभाळायला दिली. आणि आजोबा, मुलीसुद्धा होत्या हो, सुरुवातीपासून! पुढच्या वर्षी जूनमध्ये राजाने सनद दिली आणि ६ जुलै १५५३ ला तो वारला, सोळाही पूर्ण नव्हती. शाळा त्याला अजून संस्थापक मानते, मुलांच्या कोटाच्या बटणांवर त्याचं डोकं कोरलेलं आहे.

आता कोटाचं सांगते कारण चिनूचा सगळा जीव त्यातच अडकलाय. आम्ही शाळा बघायला गेलो तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होती. मधल्या मोठ्या चौकात सगळी मुलं आपापल्या हाउसप्रमाणे, म्हणजे ज्या वसतिगृहात राहतात त्याप्रमाणे, रांगेत उभी, पुढे शाळेचा स्वतःचा बँड, ड्रम वाजला की रांगा पाय मिळवत जेवणाच्या हॉलमध्ये जातात, असं नेहमीच चालतं. अंगात घोट्यापर्यंत गडद निळा लोकरी कोट, कमरेला चामडी पट्टा, गळ्यात वकिलांच्या असतात तशा दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि पायात गुडघ्यापर्यंत पिवळेधमक मोजे. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या पोरांचा जो वेष होता तोच, थोडाफार फरक. आमच्या अगदी जवळून एक छोटी मुलगी गेली, नवीनच असावी, कोट तिला चांगलाच मोठा होता, पुढची बाजू एका हाताने उचलून धरून ती पाऊल चुकू नये म्हणून पुढच्या मुलीच्या टाचांकडे बघत चालली होती, ओठ हलत होते, डावा उजवा डावा उजवा मोजत असणार. मला एकदम भरून आलं.

हा युनिफॉर्म शाळा फुकट देते. मधे शाळेने मुलांनाच विचारलं होतं की हा जुना वेष बदलायचा का, तर बहुतेक सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं. मला ते पटलं, कारण त्या रांगेत कोणाचा बाप डॉक्टर, कोणाची आई साफसफाई करते, काही म्हणजे काही कळत नाही. फीसुद्धा घरच्या कमाईवर ठरते, ज्याला झेपेल त्याने जास्त द्यायची, ज्याला नाही त्याने कमी, आणि अगदीच नसेल तर काहीच नाही. उरलेला खर्च जुन्या देणग्यांतून आणि दरवर्षी लोक देतात त्यातून निघतो.

तुम्ही आयुष्यभर गणित शिकवलंत म्हणून हे खास तुमच्यासाठी. १६७३ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने या शाळेत चाळीस मुलांसाठी गणिताची वेगळी शाखा काढली, जहाजं चालवायला हिशेब येणारी माणसं पाहिजेत म्हणून. गरिबाची पोरं तिथे त्रिकोणमिती, नकाशे, ताऱ्यांवरून दिशा काढणं शिकून समुद्रावर गेली. अभ्यासक्रम कसा असावा यावर न्यूटनने सल्ला दिला होता, आपला तोच न्यूटन! आणि जगप्रवासी दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर जो खगोलशास्त्रज्ञ होता, विल्यम वेल्स, तो परत आल्यावर इथेच मास्तर झाला. जेवणाच्या हॉलमध्ये ८६ फूट लांबीचं एक चित्र आहे, दुसऱ्या जेम्स राजासमोर ती गणितवाली मुलं उभी असलेलं, आणि त्याच्याच खाली ही आजची मुलं रोज जेवतात.

आपल्याकडचे धागेदोरेही बरेच सापडले. एका हाउसचं नाव मिडलटन, तो कलकत्त्याचा पहिला बिशप. दुसरं मेन, तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलवर कायद्याचा मेंबर होता. लेखक चार्ल्स लॅम शिकला तो इथेच, पुढे लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत जवळजवळ अख्खी नोकरी कारकुनीत काढली.

आणि हो, सगळं गोड नव्हतं, तेही लिहिते, आजीपासून लपवायचं नाही मला. कवी कोलरिज वडील गेल्यावर नऊ-दहा वर्षांचा असताना इथे आला, तेव्हा शाळा लंडनलाच होती. जेवण तोकडं, हेडमास्तर छडीने फोडून काढायचा, आणि लॅमने लिहून ठेवलंय की शाळेत आला त्या पहिल्याच दिवशी त्याने पायात बेड्या घातलेला मुलगा बघितला, पळून जायचा प्रयत्न केला म्हणून शिक्षा. असल्या मुलांना एकेकट्याला अंधाऱ्या खोलीत गवतावर निजवायचे. हे वाचून मला फार त्रास झाला. आता अर्थातच तसं काही राहिलेलं नाही, १९०२ मध्ये शाळा लंडनची गर्दी सोडून इकडे मोकळ्या रानात आली, १९८५ पासून मुली पण, ज्यांची शाळा मधली कितीतरी वर्षं हर्टफर्डला वेगळी होती, परत मुलांसोबत इथेच आहेत. पण घरापासून लांब राहायचं ते राहायचंच, रात्री रडू येणार ते येणारच, हे मी नाकारत नाहीये आजी.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना इथे ग्रीशियन म्हणतात. शाळा सोडताना त्यांना बायबल देतात आणि एक जबाबदारी सोपवतात, ते शब्द सगळ्यांना ऐकवतात, की इथे तुला जे मिळालं ते कधी विसरू नकोस आणि पुढे तुझी ऐपत होईल तशी, दुसऱ्या कोणाला ते मिळावं म्हणून हातभार लाव. आमच्या ऑफिसातल्या एक बाई इथे शिकल्यात, आईने एकटीने वाढवलेल्या, त्या सांगत होत्या की अठराव्या वर्षी ते ऐकताना काही विशेष वाटलं नाही, आता पगार झाला की आठवतं आणि दर महिन्याला थोडे पैसे त्या शाळेला पाठवतात.

मला तेव्हा तुमचीच आठवण झाली. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली नसती तर तुम्ही गडहिंग्लजहून पुढे शिकायला गेला असतात का? आणि तुम्ही रिटायर झाल्यावरही दर जूनला बोर्डिंगातल्या दोन पोरांची वह्यापुस्तकं घेऊन द्यायचात, आजी कुरकुरायची नाही, पिशव्या तीच भरायची. म्हणून मी म्हणते, बोर्डिंग म्हटलं की पोरगं टाकलं असं आपल्या घराने तरी म्हणू नये.

अजून काही ठरलेलं नाही. प्रवेशाची परीक्षा आहे, मुलाखत आहे, आणि कमाईची कागदपत्रं बघून फी किती पडेल ते शाळा कळवेल, ते न झेपणारं असेल तर विषयच मिटला. हे म्हणतायत फॉर्म तर भरून ठेवू. चिनूला विचारलं तर तो हो म्हणतो पण तो मोज्यांसाठी हो म्हणतोय असं मला वाटतं, आणि शनिवार-रविवार घर इतकं जवळ असून लगेच येता येणार नाही हे त्याला अजून नीट उमगलेलं नाही. तुम्ही त्याच्याशी बोला आजोबा, मी किंवा ह्यांनी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं तो ऐकेल, कारण आमच्यापैकी कोणी बोर्डिंगात राहिलेलंच नाही. पहिल्या वर्षी तुम्हाला काय जड गेलं, कोणी सांभाळून घेतलं, सगळं खरं खरं सांगा, त्याला घाबरायला झालं तरी चालेल. रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करते, गुडघ्याचं औषध चालू ठेवा.

तुमची,
मनी