बाबा, चाल वहीत नाही

रत्नागिरी

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी 'तुमचे भजनाचे गजर ध्वनिमुद्रित करूया' म्हटलं, तर बाबा म्हणाले, "आता माझो आवाज रवलो नाय गो. आणि पखवाज कोण वाजवतलो?" तेव्हा मी वाद घातला नाही. मला जे सांगायचंय ते फोनवर धड सांगून होत नाही, म्हणून लिहिते. आई, तू मोठ्याने वाच. बाबांच्या चष्म्याचा नंबर अजून बदलायचाय ना.

क्वीन नावाच्या एका इंग्रजी रॉक बँडबद्दल लिहिणार आहे. बाबा, लगेच उठून पडवीत जाऊ नका. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारोख बलसारा, पारशी. जन्म 1946 चा, झांझिबारचा, पण शाळा आपल्या पाचगणीची. आठ वर्षांच्या पोराला आईवडिलांनी दर्यापलीकडून तिथे पाठवलं, आणि तिथेच तो पियानो शिकला, पोरांना जमवून पहिला बँड केला. पुढे लंडनला जाऊन जगभर गाजला. पण मला सांगायचंय ते त्याच्या शेवटच्या वर्षाचं.

त्याला एड्स झाला होता. तेव्हा तो आटोक्यात ठेवणारं औषध नव्हतं आणि आपल्याला फार दिवस नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. 1991 च्या फेब्रुवारीत क्वीनचा एक अल्बम बाहेर आला. तिथे थांबला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. पण अंगात ताकद असेल तेव्हा तो स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला जायचा. जिनिव्हा सरोवराच्या काठी कॅसिनोच्या इमारतीत एक स्टुडिओ होता, बँडनेच विकत घेतलेला. गिटार वाजवणारा ब्रायन मे पुढे सांगत असे की फ्रेडीचं एकच म्हणणं असायचं: मला काहीही लिहून द्या, मी गातो, उरलेलं तुम्ही मागाहून पुरं करा.

आणि खरंच तसंच झालं. खरा ड्रम लावून सगळं बसवत बसायला वेळ नव्हता. यंत्रावर साधा ठेका लावायचा आणि त्यावर तो गायचा. टेपवर प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा ट्रॅक वेगळा असतो. यंत्राचा ठेका नंतर काढून त्या जागी खरा ड्रम घालता येतो, गिटार भरता येते, मागचे सूर चढवता येतात. गळा तेवढा मागाहून आणता येत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात 'मदर लव्ह' हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. आईच्या मायेसाठी आसुसलेल्या माणसाचं गाणं आहे. ब्रायन कागदाच्या कपट्यांवर ओळी लिहून द्यायचा आणि फ्रेडी एकेक कडवं गायचा. उभं राहणंही जड जात होतं, तरी मध्येच म्हणाला, इथे मला वर जायला हवं. आणि गेला. ते वर जाणं मी हेडफोन लावून ऐकते तेव्हा दर वेळी हातातलं काम थांबतं. शेवटचं कडवं तेवढं उरलं. आता दमलो, विश्रांती घेऊन येतो आणि पुरं करतो, असं सांगून तो गेला, तो परत आलाच नाही. 24 नोव्हेंबर 1991 ला, 45 व्या वर्षी, वारला. ते कडवं ब्रायनने गायलं. ऐकताना आवाज बदलल्याचं कळतं, आणि ते लपवलेलं नाही हेच मला पटतं.

बाकीच्या तिघांनी मग जुन्या टेपा धुंडाळल्या. 1980 मध्ये म्युनिकला पियानोशी बसून सहज गुणगुणलेला एक तुकडा होता, त्याचं गाणं झालं. 1985 च्या त्याच्या एकट्याच्या अल्बममधली दोन गाणी नव्या वाद्यांनी बांधली. 'मेड इन हेवन' या नावाने अल्बम आला 6 नोव्हेंबर 1995 ला, त्याला जाऊन चार वर्षं होत आली तेव्हा. क्वीनचा तो शेवटचा. काही ठिकाणी त्यांनी वाद्यं फार चढवली आहेत असं माझं मत आहे. पण सरोवराकडे बघत लिहिलेलं 'अ विंटर्स टेल' ऐका, त्यात गळ्याला पुरेशी जागा ठेवलीय.

बाबा, तुमच्या गजरांची वही मी जपून ठेवीन, त्याची काळजी नको. पण वहीत शब्द आहेत, चाल नाही. दत्ताच्या गजरात दुसऱ्या ओळीला तुम्ही जो खटका घेता तो कुठल्या कागदावर उतरवू? डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यांच्या, जुन्या कॅसेट मी तपासल्या. खारी हवा आणि पावसाळे, बऱ्याच टेपांना बुरशी आलीय. ज्या वाजतात त्यांत लोकांच्या टाळ्या आणि भोंग्याची शिट्टी जास्त. त्यातलंही निघेल ते साफ करतेय.

आयुष्यभर पेटीच्या काळी चारला, उंच सुरात गायलात, म्हणून आज तिथे पोचत नाही याचं वाईट वाटतं, ते मला समजतं. काळी दोनला उतरा. चाल तीच राहील. दम लागला तर एक ओळ गा आणि थांबा, पुढची उद्या. जोडायचं काम माझं.

यंत्राचा ठेका मात्र मी तुम्हाला लावणार नाही. त्यांचं गाणं एका लयीत चालतं, आपला गजर चढत जातो, आणि लय कधी वाढवायची हे बुवाच ठरवतो. तुम्ही पेटी घ्या, हवं तसं चढा. तुमचा पखवाजवाला विरारला असतो, त्याच्याशी मी बोललेय. गावी येताना रत्नागिरीत माझ्याकडे उतरून, तुमचा आवाज कानात घेऊन, तो त्यावर वाजवेल. "बुवा सांगतीत तसा," म्हणाला. कोरसची पोरंही तशीच, जमतील तशी येतील.

आई, कोरसमध्ये तूही हवीस. इतकी वर्षं चुलीपाशी बसून तू झील धरलीस, ती कुठल्याच कॅसेटमध्ये नाही. तुला एक माईक वेगळा लावणार आहे, लाजू नकोस.

कार्तिकी एकादशी झाली की येते. सकाळी औषध घेतल्यावर बाबांना कधी बरं वाटतं ती वेळ तू बघून ठेव. माजघरात बसू, तिथे दर्याचा आवाज कमी येतो. शेजारच्यांना तेवढा वेळ पंप लावू नका म्हणून आधी सांगून ठेव, आणि पेटीचा भाता फाटला असेल तर आत्ताच कुडाळला देऊन दुरुस्त करून घ्या. बाबा, पहिल्या दिवशी कुठले गजर घ्यायचे ते निवडा आणि आईकडून कळवा.

तुमची,
बाय