ताट समोर येईपर्यंत

फोंडा,
12 एप्रिल

प्रिय विजू,

दोन महिने पत्र नाही म्हणून तू मनातल्या मनात मला चार शिव्या हासडल्या असशील. आणखी दोन हासड आणि पुढे वाच. लिस्बनहून, नेहाकडून, परत आल्यापासून कितीदा फोन हातात घेतला, पण हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. आमच्या घरात फोन म्हणजे चव्हाटा, तुला ठाऊकच आहे. आणि जे झालं ते मी घरात अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तुलाच ते कळेल.

तब्येत बरी. गुडघे आहेत तसेच, डोळे तपासले, साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी) 7.4 टक्के आली. झालं.

जाताना काहीच झालं नाही. तू फोनवरून पढवलं होतंस तसं सगळं केलं. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, सामानात नाही, कारण विमानाच्या पोटात ते गोठलं तर फुकट गेलं. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची मूळ नावं घालून. इन्सुलिनच्या पेनाची सुई काढून ठेवलेली, नाहीतर वर गेल्यावर आत हवेचे बुडबुडे धरतात. लेकीकडचे दिवसही छान गेले. जे झालं ते परतताना.

मधल्या विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जावं लागलं. तपासणीत माझी रसाची खोकी काढून घेतली, शंभर मिलिलिटरच्या वरची होती. चिठ्ठी दाखवेपर्यंत मागची रांग पुढे रेटत होती. असो. विमानात बसल्यावर बोट टोचलं, साखर 92. मधुमेह्यांचं जेवण आधीच नोंदवलं होतं, ते बाकीच्यांच्या आधी येतं. गाडी दोन रांगांवर आली, भाजीचा वास आला, तेव्हा मी जेवणाआधीची साखर उतरवणारी गोळी घेतली. आणि विमान हलायला लागलं. पट्टे बांधा, कर्मचाऱ्यांनीही बसून घ्या. गाडी मागे गेली ती गेलीच. माझी सीट पहिल्या रांगेतली, समोर भिंत, पायाशी काही ठेवू देत नाहीत. खाऊची पिशवी डोक्यावरच्या कप्प्यात बंद.

आधी मानेवर घाम आला, गार. मग ओठांभोवती मुंग्या. शेजारच्या गृहस्थांनी फार आपुलकीने विचारलं, बरं वाटतंय ना, आणि मी त्यांच्या अंगावर खेकसले. विजू, तो राग माझा नव्हता. कुठून आला कळलं नाही, पण असा उसळला की त्यांनी माझ्याकडे बघू नये एवढंच मला वाटत होतं.

कोटाच्या खिशात लिस्बनच्या साखरेच्या पुड्या होत्या. तिथे कॉफीच्या बशीत साखरेची कागदी पुडी देतात. मी बिनसाखरेची पिते आणि पुडी खिशात टाकते, नेहा म्हणते आई तुला शोभत नाही. बोटांत जोरच नव्हता, पहिली पुडी दातांनी फाडली. अर्धी साखर मांडीवर सांडली, उरलेले जाड दाणे जिभेवर विरघळेपर्यंत जीव टांगणीला. दुसरी, तिसरी. मग मीटर काढला, 58. पंधरा मिनिटं डोळे मिटून बसले, पुन्हा टोचलं, 81. मग विमान शांत झालं, गाडी आली, आणि मी त्या गृहस्थांची माफी मागून जेवले. गोव्याला उतरले तेव्हा हे दारात हसत उभे होते. मी म्हटलं, प्रवास मस्त झाला.

आता मिरामारच्या किनाऱ्यावरचं. पणजीत सांतिनेजच्या खोलीवर राहायचो तेव्हाचं, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. वाळूवर बसलो होतो, मी घरच्या कुणाबद्दल तरी बोलत होते आणि तू एकदम उठून माझ्या हातातली शेंगदाण्यांची पुडी उडवलीस. काय काय बोललीस, माझ्या आईलासुद्धा सोडलं नाहीस. आठवडाभर आपण बोललो नाही. घरमालकीणबाईंनी समेट घडवून आणला, तुझं इन्सुलिन गार ठेवायच्या मडक्यात पाणी भरायचं निमित्त करून. त्या दिवशी तू सकाळी सुई घेतली होतीस आणि खानावळ बंद होती. तुझी साखर उतरली होती ग. तुला तेव्हा सांगता आलं नाही आणि मी विचारायचं ते विचारलं नाही. त्या विमानात मला तुझा तो चेहरा दिसला, अगदी तसाच. ते भांडण आता वहीतून खोडून टाक. आईबद्दल बोललीस तेवढं मात्र ठेव, ते खरंच होतं.

सगळे गोडाच्या मागे लागलेले असतात, त्याने माझा जीव जातो. नेहाने मी यायच्या आधी घरातली बिस्किटं हलवली. पाश्तेल द नाताचा डबा फ्रिजवर, तोही पाठीमागे सरकवून, आई बघेल म्हणून. जावई बिचारा पोर्तुगीज, तो काही न कळून स्वयंपाकघरात उभा राहून चोरून खायचा. पण मला त्या कस्टर्डच्या वाटीचं भय नाही. मला भय आहे ते उशिराचं. आपल्या अंगात गोळी किंवा इन्सुलिन आधीच काम करत असतं, ते ताटाची वाट बघत नाही. परदेशात ताट कधी येईल ते आपल्या हातात नसतं, आणि लोकांना ते पटत नाही. त्यांना वाटतं, जेवण टाळलं म्हणजे साखर सांभाळली.

लिस्बनमध्ये आठाच्या आत कुणी रात्रीचं जेवत नाही. सातला हॉटेलात गेलीस तर नुसत्या खुर्च्या. मी नेहाकडे संध्याकाळी वाटीभर काल्दु व्हेर्द घ्यायचे, बटाट्याचं पातळ सूप आणि त्यात दोऱ्यासारखा चिरलेला हिरवा पाला. त्यावर दोन तास निघायचे. हॉटेलात बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह आणून ठेवतात, हात लावला की बिलात चढतं. नेहा ते परत पाठवायची. मी तिला सांगितलं, बाय, हे पैसे मी देईन, पण तो पाव टेबलावरून हलवायचा नाही. आणि त्या चढणी! अल्फामाच्या गल्ल्यांत जाताना 170 होतं, किल्ल्यापाशी पोचेपर्यंत 96. चालणं साखर ओढून घेतं ते माहीत असतं, पण पर्यटक म्हणून चालताना आपण व्यायाम करतोय हे लक्षातच येत नाही. तिथल्या पायरीवर बसून मी भाजलेले चणे खाल्ले, फोंड्याच्या बाजारातले, आणि समोर तेजू नदी. फार बरं वाटलं.

राधाकृष्णाच्या देवळातही गेलो होतो. गुजराती बायका प्रसाद वाढत होत्या, मी चिमूटभर घेतला तर एकीने परत हातावर ढीग घातला, देवाचं आहे, काही होत नाही. विजू, हे वाक्य आपण शांतादुर्गेच्या जत्रेत किती ऐकलं! तुला खाजं भरवायला धावणाऱ्या त्या मावशी आठवतात? आणि तुला खरंच गोडाची गरज पडली तेव्हा ते खाजं दातांनी तुटेना. चावण्यात वेळ जातो असं काहीही तेव्हा कामाचं नाही. चॉकलेटही नाही, त्यातल्या चरबीने साखर सावकाश चढते. काजूचं तेच, तो पोट धरतो पण उचलत नाही. आधी साखर, नाहीतर ग्लुकोजच्या गोळ्या, आणि अंगात जीव आला की मग पोईचा पाव, चणे, काय ते.

आता खरी गोष्ट. नेहाला जूनमध्ये दिवस भरतात. मला जायचंय, नव्वद दिवसांचा व्हिसा मिळेल तेवढं राहायचंय. ती म्हणते मानकुराद आंबे आण. कुठून आणू? युरोपात ताजी फळं न्यायची तर रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. केळं, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्यांना तेवढी सूट. दुधाचं तर काहीच चालत नाही, म्हणजे पेढे गेले. मासे मात्र चालतात, वीस किलोपर्यंत! तुझी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, लेकीच्या बाळंतपणाला सरळ विमानाने जातील, तू म्हणशील तर खारवलेला बांगडाही. मयड्याची केळी मी माझ्यासाठी नेणार आहे. वेळेचं गणित डॉक्टरांनी लिहून दिलंय. फेब्रुवारीत साडेपाच तासांचा फरक होता, जूनमध्ये साडेचार, म्हणजे इथले रात्रीचे दहा ते तिथले संध्याकाळचे साडेपाच, आणि रात्रीचं इन्सुलिन कसं सरकवायचं त्याचा तक्ता. इंग्लंडमधल्या, स्विंडनच्या भाच्याने परवा त्याच्या मीटरचा फोटो पाठवला, 5.4. मी हादरलेच. तिथलं माप वेगळं, अठराने गुणायचं, म्हणजे 97. सुखी माणूस.

तक्ते आहेत, चणे आहेत, सगळं आहे. प्रश्न हा की घरी सांगू का? सांगितलं तर हे मला एकटीला सोडणार नाहीत, आणि बागायत टाकून यांना जूनमध्ये निघता येत नाही. नेहा रडेल आणि म्हणेल नको येऊस. जावई विमानतळावर चाकाच्या खुर्चीचं बोलतोच आहे. नाही सांगितलं, तर त्या विमानात पुन्हा मीच, आणि शेजारी कुणाला माहीत नाही की ही बाई घामेजली तर हिच्या तोंडात साखर घालायची. चार रात्री हेच डोक्यात आहे. तू चाळीस वर्षं एकटी हिंडतेस, दिल्ली काय, सिंगापूर काय. तू शेजाऱ्याला बसल्याबसल्या सांगतेस का? पहिल्या वाक्यात? गळ्यात काही घालतेस का? झोपायच्या आधी आकडा किती असला की तू खाऊनच झोपतेस? मी 120 धरलाय, तो कमी आहे का? आणि यांना सांगायचं तर तू सांगशील का, तुझं ते ऐकतात.

निखिलची घरभरणी झाली का? सासूबाईंचा पाय कसा आहे? गाण्याचा क्लास सुरू केलास म्हणे, मला लोकांकडून कळावं, वा. दंडावरचा साखर मोजणारा तो सेन्सर महिन्याला कितीला पडतो तेही कळव.

उत्तर लिहूनच पाठव, फोनवर तू स्वतःचे आकडे कधी खरे सांगत नाहीस. जमलं तर मेमध्ये बेळगावहून चार दिवस ये, यांच्याशी बोलणं तेव्हाच उरकू. तिकीट मी तोपर्यंत काढत नाही.

तुझी,
मंगल