आधी अंदाज, मग फूटपट्टी

महोदय,

प्राथमिक वर्गात लांबीचे मापन शिकवताना मुलांच्या हाती लगेच फूटपट्टी दिली जाते. त्याआधी वस्तू नुसती पाहून अंदाज बांधायला व तो वहीत लिहायला सांगितले, तर एककाची जाण पक्की होते, असे मला आग्रहाने वाटते. आमच्या परभणी भागातील जुने शेतकरी दोर हाताने आणि रोपांमधले अंतर वितीने मोजतात. ३३ फूट बाजूच्या चौरसाचा गुंठा त्यांना नजरेनेच कळतो. मुलांची वीत लहान, म्हणून प्रत्येकाने आपली वीत एकदा मोजून ठेवावी: ती १५ सेंटीमीटर भरली आणि बाक ८ विती असला, तर त्याची लांबी १२० सेंटीमीटर. चुकलेल्या अंदाजाचे गुण मात्र कृपया कापू नयेत.

– एक पालक, परभणी