घातांक मूळ, पण संख्या मूळ नाही

४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. माहिती चांगली असली, तरी '२ ला मूळ संख्येचा घातांक देऊन उत्तरातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते' हे त्यातील विधान चूक आहे. घातांक मूळ असणे ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. घातांक ११ घेतला तर २०४७ येतात; म्हणजे २३ गुणिले ८९.

घातांक ६७ घेतल्यास येणारी २१ अंकी संख्या तर, अशा संख्यांना ज्यांचे नाव आहे त्या फ्रेंच गणिती मर्सेन यांनीच १६४४ मध्ये मूळ म्हणून नोंदवली होती. ती मूळ नसल्याचे फ्रेंच गणिती ल्यूका यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले, तेही अवयव न शोधता! अवयव मिळाले १९०३ मध्ये, अमेरिकी गणिती फ्रँक कोल यांना: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

अवयवांशिवाय निकाल देणारी आजची कसोटी लेखात यायला हवी होती. ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. विषम मूळ घातांकापेक्षा दोनने कमी वेळा हे केल्यावर शेवटी शून्य उरले, तरच संख्या मूळ. ३१ साठी (घातांक ५) १४, ८, ० अशा बाक्या येतात. २०४७ साठी नवव्या फेरीअखेर १७३६ उरतात. एका फेरीत हातचा चुकला तरी पुढचे सगळे वाया जाते, म्हणून विक्रमी संख्या वेगवेगळ्या संगणकांवर, वेगळ्या प्रणालींनी पुन्हा तपासतात.

लेखातील त्या विधानाची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

– गणिताचे एक शिक्षक, सातारा